अनुदान यंत्राला की माणसाला?

बाजाराच्या दिवशी सुरगाण्याला किंवा पेठेला गेले, की एक दृश्य हमखास पाहायला मिळते. रस्त्याकडेच्या सेवा केंद्रासमोर रांग लागलेली असते. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि घड्या पडून फाटत आलेला सातबाऱ्याचा उतारा. दूरच्या पाड्यावरून पहाटे निघालेली एखादी आजी आपली पाळी आल्यावर पुढे होते, पिशवी टेबलावर रिकामी करते, अंगठा यंत्रावर टेकवते आणि मोबाइलवर आलेला ओटीपी समोरच्या तरुणापुढे धरते. तरुण भराभर कळफलक बडवतो आणि ‘झालं, आजी’ म्हणतो. काय झाले, कशाला आपली संमती गेली, हे आजींना उमगलेले नसते. केंद्राचे पैसे देऊन त्या परतीच्या गाडीसाठी धावतात.

यात त्या तरुणाचा दोष नाही. बहुतेक ठिकाणी तो प्रामाणिकपणे आपले काम करतो आणि तो नसता, तर आजींचे काम मुळीच झाले नसते. प्रश्न निराळा आहे. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठवणारी पिढी या महाराष्ट्राने पाहिली आहे. तो अंगठा पुसून त्या जागी सही यावी, म्हणून कित्येक शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी रात्रशाळांच्या कंदिलापुढे आयुष्ये घालवली. आज तोच अंगठा काचेच्या चकतीवर परत आला आहे. शाई गेली, परावलंबन मात्र राहिले. संगणक साक्षरतेवर आणि गावोगावच्या संगणक केंद्रांवर सार्वजनिक तिजोरीतून एवढा खर्च झाल्यानंतरही हे असे का, याचा गांभीर्याने विचार व्हायला हवा.

नाशिकच्या संदर्भात हा विचार अधिकच बोचतो. ज्या नगरीत सार्वजनिक वाचनालय १८४० साली उभे राहिले, ज्या नगरीजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद मिरवणारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कार्यरत आहे, त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला सुरगाणा तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी डिसेंबर २०२२ मध्ये आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या, अशी मागणी केली. कारण एकच : मूलभूत सोयी पोहोचत नाहीत. ज्ञानगंगेच्या उगमापासून जेमतेम एका दिवसाच्या प्रवासावर ही तहान आहे.

पैसा आला, पण कशासाठी?

शासनाने या विषयाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९९८ साली अटलजींच्या शासनाने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले, तेव्हापासून हा विषय दिल्लीच्या पटलावर आहे. २००६ मध्ये देशभरात एक लाख सामाईक सेवा केंद्रांची योजना मंजूर झाली. २०१४ मध्ये राष्ट्रीय डिजिटल साक्षरता अभियान सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाला, म्हणजे ‘दिशा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेला, २,३५१ कोटी ३८ लाख रुपयांची तरतूद मिळाली. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला संगणक व मोबाइल हाताळता यावा, हे उद्दिष्ट होते. ३१ मार्च २०२४ रोजी योजना संपली तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोकांनी प्रशिक्षण घेतले होते आणि त्यांपैकी सुमारे ४ कोटी ७८ लाख प्रमाणपत्रापर्यंत पोहोचले होते. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे काम क्वचितच झाले असेल. त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण आकड्यांच्या आत डोकावले, की आजी रांगेतच का उभ्या आहेत, याचे उत्तर सापडते. योजना १४ ते ६० या वयोगटासाठी होती, म्हणजे साठी ओलांडलेल्या आजी तिच्या कक्षेतच नव्हत्या. घरातून एकच व्यक्ती घ्यायची, असे ठरल्यावर नाव कोणाचे लागते, हे घरातल्या कोणत्याही गृहिणीला विचारावे. शिक्षण वीस तासांचे. एकूण तरतुदीला सहा कोटींनी भागले, तर माणशी ३९२ रुपये हाती येतात. वीस तासांत माणूस कळ कुठे दाबायची ते शिकतो; पण महिनाभर पुन्हा त्या कळीला हात लागला नाही, तर शिकलेले हवेत विरते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. गावेच्या गावे साक्षर झाल्याचे समारंभ झाले, गुढ्या उभारल्या गेल्या. मात्र जेथे वाचायला पुस्तक मिळाले नाही, तेथे नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले. साक्षरता ही लस नव्हे, एकदा टोचली की जन्मभर पुरेल अशी. ती रियाज आहे. रियाजाला तंबोरा रोज हाताशी लागतो आणि चुकलेला सूर दाखवणारा कोणीतरी जवळ बसावा लागतो.

येथेच अनुदानाचे गणित चुकते. आपले अनुदान यंत्र विकत घेते, प्रमाणपत्र मोजते, अर्ज मोजते. शिकवणारा माणूस आणि रोज उघडणारी खोली या दोन गोष्टी त्याच्या हिशेबात बसत नाहीत.

२०२४ च्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे उदाहरण घ्यावे. भगिनींचे अर्ज भरून देणाऱ्या अंगणवाडी सेविका व अन्य कार्यकर्त्यांना अर्जामागे ५० रुपये देण्याचे शासनाने ठरवले. निर्णय व्यवहार्य होता आणि सेविकांच्या कष्टाला मोल मिळाले, हे योग्यच झाले. परंतु हे ५० रुपये अर्ज भरून देण्याचे होते. भरायला शिकवण्याचे काहीच नव्हते. २०२५ मध्ये त्याच भगिनींना ई-केवायसी करण्यास सांगितले गेले, तेव्हा पुन्हा तीच पिशवी, तीच धावपळ आणि तोच अंगठा. शिकवण्यावर एकदा खर्च केला असता, तर दुसरी रांग निम्म्याने आखूड झाली असती.

वारणेचा धडा

यंत्र आणि माणूस यांतला फरक महाराष्ट्राने फार पूर्वी, वारणेच्या खोऱ्यात पाहिला आहे. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत वारणा सहकारी समूहाच्या पुढाकाराने संगणक केंद्रे उभारण्यात आली. सुमारे अडीच कोटींच्या या प्रकल्पात निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के सहकारी संस्थांचा होता. परदेशी अभ्यासक पाहायला येत. ऊस उत्पादकाला आपल्या उसाचे वजन, खताचा हिशेब, बिलाची रक्कम गावातच कळू लागली, हा लाभ खराच होता. मात्र शेतीसल्ला, शिक्षण, बाजारभाव ही मोठी स्वप्ने बव्हंशी कागदावर राहिली. कारण संगणकापुढे बसत होता तो केंद्रचालक. शेतकरी खिडकीबाहेर उभा होता. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत प्रयोग करून दाखवला, की तेथे प्रत्यक्षात होणारे काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवरही भागते. केंद्र हे शाळा न होता खिडकी झाले, की असेच व्हायचे.

हीच खिडकी पुढे ग्रामपंचायतींत आली. २०११ मध्ये ‘संग्राम’ प्रकल्पाखाली गावोगाव संगणक परिचालक नेमले गेले; २०१६ पासून त्याची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. या व्यवस्थेत ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून महिन्याला १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला जवळपास दीड लाख, केंद्रासाठी वळते होत. त्यांपैकी परिचालकाच्या हाती आरंभी पडत ते ६,००० रुपये, आणि तेही वेळेवर मिळावेत म्हणून त्याला आझाद मैदानावर येऊन बसावे लागे. ज्याच्या स्वतःच्या चुलीची शाश्वती नाही, त्याने संध्याकाळी थांबून गावातल्या चार जणांना शिकवावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

फी भरून शिकलेला महाराष्ट्र

याच्या उलट एक गोष्ट महाराष्ट्रात घडली आणि ती अनुदानाशिवाय घडली. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला. बहुतेकांनी स्वतःच्या खिशातून फी भरली. तालुक्याच्या गावी, कधी किराणा दुकानाच्या माडीवर, स्थानिक तरुणाने आठ-दहा संगणक मांडले आणि शेजारच्या घरातली मुले तेथे शिकली. हे यशस्वी झाले, कारण शासकीय नोकरीसाठी त्या प्रमाणपत्राला मोल होते आणि शिकवणारा गावातलाच होता. गरज आणि गुरू एकत्र आले, की शिक्षण आपोआप उभे राहते.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांचाही अनुभव हाच. २००३ मध्ये औषधांच्या अंशामुळे नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षे अडली. त्यानंतर २००६ मध्ये ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली आणली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पेटीपासून थेट बागेपर्यंतचा माग, असे सारे काही तिच्यात नोंदले जाऊ लागले. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला संगणकाचे महत्त्व कोणी व्याख्यान देऊन पटवले नाही. युरोपच्या बाजाराने पटवले.

मात्र येथेच थांबून ‘मग अनुदान हवेच कशाला?’ असे म्हणणे घाईचे होईल. फी भरू शकणारा शिकला, निर्यात करणारा शिकला. ज्याला नोकरीची आशा नाही, ज्याच्याकडे निर्यातीची बाग नाही, तो पेठचा नागली-वरईचा शेतकरी मागे राहिला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के घरांत संगणक आढळला. शहरांत ते प्रमाण २३.४ टक्के होते. संगणक चालवता येणारे ग्रामीण भागात दहा जणांत एकच. बाजार आपले काम करतो, पण तो रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत जात नाही. पंडित दीनदयाळजींनी अंत्योदय हा शब्द ज्यासाठी वापरला, तो माणूस हाच. सार्वजनिक पैसा असावा तो त्याच्यासाठी.

कवळाण्याच्या सुपुत्राची वाट

मग हा पैसा द्यावा कसा? उत्तरासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी १८६३ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेला मुलगा पुढे बडोद्याचा अधिपती सयाजीराव गायकवाड झाला. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यामागचे सूत्र आजही मार्गदर्शक ठरावे. गावाने आपला वाटा जमवायचा. तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच राज्याने. महाराजांना सगळा खर्च एकट्याने करणे अवघड नव्हते. पण ज्यात गावाचा पैसा नाही, त्यात गावाचा जीव नसतो, हे त्या द्रष्ट्या राजाला कळले होते. जेथे ग्रंथालय शक्य नव्हते, तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या.

त्या पेट्यांची आठवण व्हावी असा उपक्रम नाशिकच्याच कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून चालवला आहे. ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी बदलून दुसरी येते. पेटी देणगीदाराची, सांभाळणारा गटातलाच एक. समाज मनावर घेतो, तेव्हा पुस्तक दारापर्यंत पोहोचते.

हेच सूत्र संगणकाला लावायला हवे. महाराष्ट्राकडे त्यासाठी तयार चौकट आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यात सुमारे अकरा हजार ग्रंथालये अनुदान घेतात. त्यांना खोली आहे, टेबल-खुर्ची आहे, रोज कुलूप उघडणारा माणूस आहे आणि गावाचा विश्वास आहे. नाही तो पैसा. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ पासून वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढ जाहीर होऊन ते ४८ हजारांवर गेले, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात वर्तमानपत्रे, पुस्तके, वीज आणि ग्रंथपालाचे मानधन. एकीकडे सेवा केंद्रासाठी गावातून दीड लाख वळते होत होते आणि त्याच गावचे वाचनालय चार हजारांत महिना काढत होते. या दोन आकड्यांची गाठ कोणी घातलीच नाही.

ती घालावी. ग्रामग्रंथालयातच दोन-तीन संगणक ठेवावेत. ग्रंथालय नसेल तेथे शाळेची खोली किंवा समाजमंदिर वापरावे. खर्चाचा एक वाटा गावाने, एक ग्रामपंचायतीने आणि एक राज्याने उचलावा. वनवासी पाड्यांवर गावाचा वाटा श्रमदानातून घ्यावा. अनुदानाचा मोठा भाग यंत्रखरेदीवर नव्हे, तर साहाय्यकाचे मानधन आणि दुरुस्ती यांवर खर्च व्हावा. दुपारी दोन तास केवळ महिलांसाठी राखून ठेवावेत. कळफलक मराठीच असावा, कारण आपल्या लिपीत आपले नाव उमटलेले पाहणे हाच संगणकाचा खरा श्रीगणेशा आहे. आणि मोजमाप प्रमाणपत्रांचे नको. सहा महिन्यांनी गावात किती जणांनी आपला सातबारा स्वतः उतरवून घेतला, किती जणींनी आपला अर्ज आपल्या हाताने भरला, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावे. ज्या गावाचा हिशेब खरा, त्याचे पुढचे अनुदान पक्के.

‘मोबाइल आहे ना!’

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, तो बोलतो, ऐकतो, मराठीही समजतो. मग संगणकाची खोली कशाला? आक्षेप निराधार नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकरी मोबाइलवरच करतात आणि ‘भाषिणी’सारखे राष्ट्रीय उपक्रम भारतीय भाषांना यंत्राच्या ओठांवर आणत आहेत. मोबाइल हे साधन आहेच. पण साधन हाती असणे आणि त्याच्यावर हुकमत असणे यांत अंतर असते. ज्याला दिवसभर चित्रफिती पाहता येतात, त्याला बँकेच्या नावाने आलेला खोटा संदेश ओळखता येतोच असे नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, हे किती घरांत ठाऊक आहे? यंत्र उद्या आपल्या वतीने बोलेलही. पण ते आपल्या नावाने काय कबूल करत आहे, हे समजून घेण्याचे शहाणपण आपल्याच ठायी असावे लागेल. ते शिकायला शांत जागा आणि विश्वासाचा माणूस लागतो. खोलीत मोबाइलही शिकवावा. आडकाठी कसलीच नाही.

हे होऊ शकते, याचा दाखला केरळने दिला आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या पुल्लंपारा या एका पंचायतीने आधी स्वतःच्या बळावर हे काम हाती घेतले. सप्टेंबर २०२२ मध्ये ती पूर्ण डिजिटल साक्षर जाहीर झाली. मग राज्याने ते उचलले. घरोघरी पाहणी करून सुमारे २२ लाख अनभिज्ञ लोक शोधण्यात आले, स्वयंसेवक त्यांच्या ओसरीवर आणि रोजगार हमीच्या कामावर जाऊन शिकवू लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य पूर्ण डिजिटल साक्षर झाल्याची घोषणा झाली. शिकणाऱ्यांत शंभरी ओलांडलेले आजोबाही होते. वयाची अट नव्हती, कार्यालयाची पायरी नव्हती. तेथील राजकीय विचारांशी मतभेद असले, तरी चांगले जेथून मिळेल तेथून घेण्यात संकोच कसला?

घरातून सुरुवात

शासनाने अनुदानाची दिशा बदलावी, ही मागणी रास्त आहे. पण समाजाने केवळ मागणीपत्र लिहून स्वस्थ बसावे, ही आपली रीत नव्हे. नाशिक शहरात बँकांतून, शाळांतून, नाशिकरोडच्या मुद्रणालयांतून, ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेली हजारो माणसे आहेत. त्यांनी आयुष्यभर हिशेब, नोंदी, अर्ज हाताळले आहेत. त्यांच्या घरात एक जुना, पण चालता संगणक कोपऱ्यात धूळ खात असतो. पेठ आणि हरसूल शहरापासून दीड-दोन तासांवर आहेत. दहा कुटुंबांनी मिळून एक गाव धरले, महिन्यातून दोन रविवार तेथे दिले आणि गावातल्याच बारावी झालेल्या एका मुलीला साहाय्यक म्हणून तयार केले, तर वर्षभरात त्या गावाची रांग मोडू शकते. शहरातल्या मुलांनाही सुटीत सोबत न्यावे. शिकवताना तीही पुष्कळ शिकतील. निदान आपला देश पडद्याबाहेरही आहे, एवढे तरी.

आणि ज्यांना गाव लांब वाटते, त्यांनी स्वतःच्या घरात पाहावे. आपल्या आईला, सासूबाईंना, घरकामाला येणाऱ्या मावशींना आपण किती वेळा ‘आण इकडे, मी करून देतो’ म्हटले आहे? त्या वाक्यात प्रेम असते, पण त्यात त्यांच्या हातातून यंत्र काढून घेणेही असते. त्याऐवजी ‘बसा, तुम्हीच करा, मी शेजारी आहे’ म्हणायला दहा मिनिटे अधिक लागतात. पेठच्या आजींना नेमकी हीच दहा मिनिटे हवी आहेत. यंत्रे बदलतील, योजनांची नावे बदलतील. ही दहा मिनिटे देणारा माणूस गावागावात उभा राहील, अशा रीतीने अनुदान दिले गेले, तर बाजाराच्या दिवशी आजी सेवा केंद्राच्या रांगेत दिसणार नाहीत. त्या बाजारातच असतील, आणि पिशवीत भाजी असेल.